सात गांडुळांचे जीवदान

पुण्य आणि वकिली यांचे नाते फार जवळचे आहे, असे लोक मानीत नाहीत. न्यायालयाच्या पायऱ्या वीस वर्षे झिजवल्यावर आम्हांलाही त्याविषयी वाद घालण्याची हौस उरलेली नाही. म्हणूनच की काय, ध्यानीमनी नसता एखादे सत्कर्म हातून घडले, तर त्याचा आनंद आम्हांला अंमळ अधिकच होतो आणि तो चारचौघांत सांगावासाही वाटतो. असेच एक सत्कर्म अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, ऑगस्ट महिन्यातील एका दुपारी आमच्या हातून घडले. आम्ही सात जिवांना जीवदान दिले. सायंकाळपर्यंत मात्र त्या सत्कर्माचा दावा आमच्यावरच उलटला. त्याचीच ही हकीकत.

आमचा भाचा नोकरीच्या निमित्ताने तिकडे स्थायिक झाला आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही काही दिवस त्याच्या घरी जाऊन राहिलो होतो. आम्ही पडलो मासे खाणारे सारस्वत. तेव्हा मामाचा पाहुणचार कसा करावा, याचा त्याला फार विचार करावा लागला नाही. "मामा, तुम्हांला गरवायला नेतो," असे म्हणून त्याने एके दिवशी पहाटेसच गाडी काढली आणि आम्हांला थेट लीच लेक नावाच्या विस्तीर्ण सरोवराकाठी नेऊन उभे केले. लीच म्हणजे जळू. नावावर जाऊ नये. पाणी स्फटिकासारखे होते. सभोवार चिपेवा राष्ट्रीय अरण्य पसरलेले. ओजिब्वे लोकांची ही जुनी भूमी. चिपेवा हे त्यांचेच दुसरे नाव. शुगर मेपल आणि बासवुड या वृक्षांच्या उंच दाट राई, मधूनमधून पाणथळी, आणि माणसाचा आवाज जवळजवळ नाहीच.

वाटेत पेट्रोल घ्यायला थांबलो, तेथील दुकानातून भाच्याने आमिष विकत घेतले. दुधाच्या बाटल्यांच्या शेजारी, त्याच थंड कपाटात, गांडुळांच्या डब्या रचून ठेवलेल्या पाहून आम्ही चकित झालो. झाकणाला बारीक भोके, आत काळी माती, आणि मातीत डझनभर लठ्ठ गांडुळे. दुपारपर्यंत सरोवरातील माशांनी त्यांतली पाच गांडुळे फस्त केली आणि प्रत्येक वेळी गरी मोकळीच परत केली. सहाव्याचा बळी देण्याचे आमच्या जिवावर आले. डबीत सात उरली होती. "ही आता सोडून देऊ," आम्ही म्हणालो. भाच्याने मान डोलावली.

सोडायची, तर नीट सोडावी. काठालगतची जमीन तुडवून टणक झालेली होती; तिच्यावर पाखरे टिपायला टपलेली. तेथे त्या बापड्यांचा निभाव लागला नसता. म्हणून डबी हातात घेऊन आम्ही एकटेच पायवाटेने अरण्यात शिरलो. दहाएक मिनिटे चालल्यावर पायांखालची जमीन बदलली. पाऊल टाकावे, तर गादीवर टाकल्यासारखे आत रुतावे. पानांवर पाने, त्यांच्याखाली कुजकी पाने, त्यांच्याखाली त्याहून जुनी. असा तो पातेऱ्याचा थर चांगला वीतभर जाड असावा. गांडुळांना याहून सुखाची जागा ती कोणती? एका जुनाट मेपलच्या बुंध्याशी आम्ही डबी उपडी केली, कृष्णार्पण म्हटले, आणि मुंग्यांच्या वारुळावर साखर घालणाऱ्या आमच्या आजीची आठवण काढीत परत फिरलो. त्या दुपारी आम्ही स्वतःवर फार प्रसन्न होतो.

आमच्या लाकडी झोपडीशेजारी एक वृद्ध बाई उतरल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, शाळेत निसर्गविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सायंकाळी त्यांनी आम्हां दोघांना चहाला बोलावले. बोलता बोलता भाच्याने मोठ्या कौतुकाने मामांचे पुण्यकर्म त्यांच्या कानी घातले. आम्हीही विनयाने मान खाली घातली. बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "कोणत्या ठिकाणी?"

उलटतपासणीत साक्षीदाराचा आवाज कोणत्या प्रश्नाला बदलतो, हे ओळखण्यात आमचे आयुष्य गेले आहे. त्या वेळी आवाज बदलला तो आमचा. "आत, अर्ध्या किलोमीटरवर, जेथे पाने जाड आहेत तेथे," असे आम्ही सांगितले. त्यावर त्या बाईंनी आम्हांला जे समजावून दिले, ते आम्ही नंतर पुस्तकांतून ताडून पाहिले. ते येथे थोडक्यात सांगतो.

हिमयुगात हा सारा प्रदेश बर्फाच्या जाड थराखाली गाडला गेला होता. सुमारे दहा ते बारा हजार वर्षांपूर्वी तो बर्फ मागे हटला. मग गवत आले, वृक्ष आले, पशुपक्षी आले. गांडुळे मात्र आली नाहीत. बर्फाच्या सीमेपलीकडे दक्षिणेत जी होती, ती इतक्या सावकाश सरकतात की एवढ्या काळातही ती येथवर पोहोचली नव्हती. त्यामुळे हे अरण्य गांडुळांवाचूनच उभे राहिले. दर शरदात गळलेली पाने येथे बुरशीच्या आणि सूक्ष्म जिवांच्या हातून कित्येक वर्षे रेंगाळत कुजतात, आणि त्यांचा थर वाढत राहतो. रोपांची मुळे त्या थरात, बुरशीचे तंतू त्या थरात, काही पाखरांची घरटीही त्या थरावर. अरण्याची सारी मिळकत जणू त्या पातेऱ्याच्या पेढीत ठेव म्हणून पडलेली.

मग युरोपातून वसाहतवाले आले. त्यांच्या रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीतून आणि जहाजांच्या बुडाशी भार म्हणून भरलेल्या मातीतून त्यांची गांडुळेही आली. पुढे मासे गरवणाऱ्यांनी ती डब्यांत भरून सरोवरासरोवरांवर नेली आणि उरलेली काठावर टाकली. मिनेसोटात आज जी गांडुळे आढळतात, ती सगळी बाहेरून आलेली आहेत. ती अरण्यात शिरली की वर्षानुवर्षे साठलेला पातेरा थोड्या वर्षांत खाऊन, कालवून मातीत मिसळून टाकतात. काठालगतची जी टणक काळी जमीन आम्हांला माणसांनी तुडवलेली वाटली, ती पुष्कळ अंशी गांडुळांनी उघडी पाडलेली होती.

गांडुळांची फौज आपल्या बळावर अरण्यात वर्षाला फार तर पाच ते दहा मीटर पुढे सरकते, असे तेथील अभ्यासकांना दिसून आले आहे. आम्ही मनातल्या मनात हिशेब मांडला. अर्धा किलोमीटर अंतर कापावयास त्यांना पन्नास ते शंभर वर्षे लागली असती. तो प्रवास आम्ही कृष्णार्पण बुद्धीने दहा मिनिटांत घडवून आणला होता.

"आणि तेथे," बाई म्हणाल्या, "एक जण राहतो."

तो जो कोणी एक जण, तो एक नेचा होता. शास्त्रीय भाषेत त्याचे नाव बोट्रिकियम मोर्मो. मिशिगन विद्यापीठातील नेच्यांचे जाणते अभ्यासक वॉरेन वॅग्नर यांनी १९८१ साली त्याची स्वतंत्र जाती म्हणून शास्त्राला ओळख करून दिली. बोट्रिकियम हे नाव द्राक्षांच्या घोसावरून आले आहे. कारण या नेच्यांची बीजुके धरणारी बोंडे घोसासारखी लगडतात. मोर्मो ही ग्रीक दंतकथांतील पोरांना भिवविणारी एक भुताळी. आपण त्याला बागुलबुवा म्हणावे! पण हा बागुलबुवा आहे केवढा? बहुधा तीन-चार अंगुळांहून उंच होत नाही. नेचा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जी पिसाऱ्यासारखी हिरवी पाने येतात, त्यांतले याच्याजवळ काही नाही. वर्षाला एकच पान. मांसल, पिवळसर हिरवे. त्याचा एक भाग बोथट दात्यांच्या पात्यासारखा आणि दुसरा बोंडांचा तुरा. ती बोंडेही पुरती उघडत नाहीत. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तो पातेऱ्यातून डोके वर काढतो. कित्येकदा तेही काढीत नाही. एखादे वर्ष तो जमिनीखालीच राहतो आणि त्याचे काही अडत नाही. त्याची भिस्त सूर्यावर थोडी आणि मुळांत वस्ती करून राहिलेल्या बुरशीवर फार. पातेरा आणि माती जेथे भेटतात, त्या सांध्यातच त्याचा संसार चालतो. मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या तीन राज्यांतील जुन्या, दाट सावलीच्या पानगळी अरण्यांपलीकडे तो जवळजवळ कोठेच नाही.

याच चिपेवा अरण्यातील त्याच्या वस्त्यांची पाहणी करून एका संशोधकाने २००२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेथे युरोपातील एक विशिष्ट पानखाऊ गांडूळ पोहोचले, तेथे पातेऱ्याचा थर पातळ झाला होता आणि पूर्वी नोंदलेला हा नेचा नाहीसा झाला होता. कोणी तो खुडला नव्हता, कोणी झाडे तोडली नव्हती. त्याच्या डोक्यावरचे छप्पर आणि पायाखालची भुई एकदमच काढून घेतली गेली होती.

यात गमतीचा एक योग आमच्या मागाहून ध्यानात आला. चार्ल्स डार्विन यांनी गांडुळांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १८८१ साली प्रकाशित केला आणि जगाला या मुक्या नांगरकऱ्याचे उपकार समजावून दिले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी या नेच्याला नाव मिळाले. एका शतकाने गांडुळांची कैफियत ऐकली. दुसऱ्या पक्षकाराचे नाव दप्तरात चढावयास आणखी एक शतक जावे लागले.

चहा तसाच राहिला. अंधार पडू लागला होता. आम्ही भाच्याला विजेरी घ्यायला सांगितले. निघताना बाईंनी बजावले, "पाने उकरू नका. शोधण्याच्या नादात तुम्ही गांडुळांहून अधिक नासधूस कराल." मेपलच्या बुंध्याशी डबीतील काळी माती तशीच ढिगाने पडलेली होती. ती आम्ही बोटांनी चिवडली. त्या ढिगात तीन सापडली. चार निघून गेली होती.

आता प्रश्न उभा राहिला तो त्या तिघांचा. उरलेले आमिष कचऱ्याच्या पेटीत टाकावे, असा त्या राज्यातील वनखात्याचा सल्ला आहे. म्हणजे ज्यांना दुपारी आम्ही अभय दिले, त्यांनाच रात्री आमच्या हाताने देहान्त शासन द्यावयाचे. भाचा म्हणाला, "मामा, मी टाकतो. तुम्ही आत जा." परंतु ते आम्हांला पटेना. अशिलाच्या वतीने दुसऱ्याने शिक्षा भोगावी, अशी तरतूद कोठेच नाही. डबी आम्हीच टाकली. झाकण लावताना हात कापला, हे कबूल करतो. त्या तीन जिवांचा अपराध काहीच नव्हता. अपराधी होते ते त्यांना मोठ्या प्रेमाने वाहून नेणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आम्हांला आपणहून अरण्यात घेऊन गेल्या. जागा कोणाला सांगणार नाही, असे वचन त्यांनी आधी घेतले. पायवाटेच्या तोंडाशी जमिनीत पक्का बसवलेला एक ब्रश होता. त्यावर बुटांचे तळ घासून माती झाडल्याखेरीज त्यांनी आम्हांला पुढे पाऊल टाकू दिले नाही. कारण तळाला चिकटलेल्या चिखलातून गांडुळांची अंडीही प्रवास करतात. देवळात जाताना पायताणे बाहेर काढून पाय धुण्याची सवय आम्हांला जन्माची. त्या सकाळी, परक्या मुलुखातील त्या रानाच्या उंबरठ्यावर, तिचा अर्थ आम्हांला नव्याने कळल्यासारखा वाटला. बाहेरची धूळ आत न्यायची नाही, एवढाच तो साधा अर्थ.

बराच वेळ चालल्यावर बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी एका ठिकाणी बोट दाखवले. आम्हांला प्रथम काहीच दिसले नाही. पानांच्या तपकिरी रंगात एक पिवळसर ठिपका, एवढेच. वाकून, जवळजवळ दंडवत घालून पाहिले, तेव्हा तो दिसला. करंगळीच्या दोन पेरांएवढा. सुंदर म्हणावे असे त्यात काही नव्हते. त्याच्यावर कोणी काव्य करणार नाही, देवाला कोणी तो वाहणार नाही, औषधालाही त्याचा उपयोग आमच्या ऐकिवात नाही. तो तेथे होता आणि त्याच्यापाशी बसलेल्या त्या वृद्धेच्या चेहऱ्यावर, आपल्या घरातले लहान मूल पाहुण्यांना दाखवणाऱ्या आजीचा भाव होता.

आमच्या फौजदारी कायद्यात वस्तुस्थितीविषयीच्या प्रामाणिक गैरसमजाला क्षमा आहे, कायद्याच्या अज्ञानाला नाही. आमच्या धर्मशास्त्रानेही जाणून केलेले पाप आणि अजाणता घडलेले पाप यांत भेद केला आहे. तेव्हा बचाव करावयाचा, तर आमची बाजू लंगडी नव्हती. हेतू शुद्ध होता. घटनेचे ज्ञान नव्हते. कोणत्याही न्यायाधीशाने आम्हांला सन्मानाने सोडले असते. परंतु आमची सुटका झाली, म्हणून ती चार गांडुळे काही परत येत नाहीत. निर्दोष सुटलेल्या आरोपीच्या हातूनही घर जळालेले असू शकते, हे आम्ही आजवर दुसऱ्यांच्या खटल्यांत पाहत आलो होतो.

मिनेसोटा राज्याने या नेच्याला धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत स्थान देऊन कायद्याचे संरक्षण दिले आहे. तो खुडणाऱ्या माणसावर समन्स बजावता येईल. गांडुळावर कसे बजावणार? आणि नेच्याच्या वतीने उभे राहणार कोण? आपल्याकडे प्रतिष्ठापना झालेली मूर्ती कायद्याने व्यक्ती मानली जाते. प्रमथनाथ मल्लिक यांच्या प्रसिद्ध दाव्यात १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने देवाची बाजू त्रयस्थ हितचिंतकाने मांडावी, असेही सांगितले. त्याच मिनेसोटातील व्हाइट अर्थ येथील ओजिब्वे लोकांनी २०१८ साली आपल्या पवित्र रानभाताला, मनूमिनला, स्वतःचे हक्क असल्याचे ठरवले आणि २०२१ साली त्या भाताच्या नावाने दावाही गुदरला. २०२२ साली तो त्यांच्याच अपील न्यायालयात अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर अडून निकालात निघाला, हे खरे. तरीही ती बातमी ऐकून देवाच्या मालकीच्या जमिनींचे खटले चालवलेल्या आम्हांला काही वावगे वाटले नाही. जो स्वतः बोलू शकत नाही, त्याचे वकीलपत्र कोणीतरी घ्यावेच लागते. आणि ज्याने त्याला वाकून पाहिले, त्याला ते नाकारणे कठीण जाते.

दान देताना देश, काल आणि पात्र पाहावे, असे आपल्याकडे सांगितले आहे. लहानपणापासून हे आम्ही ऐकत आलो. पण त्यातील 'पात्र' तेवढे आमच्या लक्षात राहिले होते. घेणारा लायक आहे ना, एवढे पाहिले की झाले! 'देश' म्हणजे जागा. तीही पाहावयाची असते, हे आम्हांला त्या अरण्याने शिकवले. तेच गांडूळ आमच्या शेतात लक्ष्मीची पावले घेऊन येते. गांडूळखताच्या राशीवर आमची माडाची झाडे पोसली आहेत. तेच दुसऱ्या भुईवर एका मुक्या जिवाचे घर मोडते. गांडूळ बदलत नाही, जागा बदलते. दया करणाऱ्याने तेवढे विचारून घ्यावे लागते. नाहीतर दया ही आपल्याच मनाची चैन ठरते.

घरी परत आल्यावर आम्हांला आणखी एक गोष्ट टोचू लागली. आमच्या गावच्या देवळामागे राई आहे. तेथील वाळके पानही उचलायचे नाही, असा आजीचा दंडक होता. "देवाचे आहे, तिथेच राहू दे," एवढेच ती म्हणे. सत्तरीतील निरंकाराच्या राईसारख्या देवराया आजवर टिकल्या, त्या अशाच दंडकांवर. परंतु गेल्या जत्रेपूर्वी, राईतील पातेरा झाडून जाळावा आणि जागा स्वच्छ करावी, असा ठराव महाजनांच्या सभेत आला, तेव्हा आम्हीही हात वर केला होता. स्वच्छतेला विरोध कोण करणार? आमची माती निराळी, आमची झाडे निराळी; त्या पातेऱ्याखाली कोणी बागुलबुवा राहतो, असा आमचा दावा नाही. आमची तक्रार स्वतःविरुद्ध आहे, ती एवढीच की हात वर करण्यापूर्वी आम्ही एकदाही तेथे वाकून पाहिले नव्हते. या नेच्याच्याच कुळातील एकपानी भाऊबंद पावसाळ्यात कोकणातल्या सड्यांवर उगवतात, हेसुद्धा आम्हांला कळले ते सातासमुद्रांपलीकडून आल्यावर.

तो ठराव पुढील सभेत फेरविचारासाठी ठेवावा, अशी लेखी सूचना आम्ही दिली आहे. तिला अनुमोदन मिळेल की नाही, सांगवत नाही. वकिलाच्या बोलण्यात काहीतरी पेच असणार, असे आमच्या गावात सर्वांनाच वाटते. न मिळाले, तर आम्ही पुन्हा सूचना देऊ.

भाच्याचा मधूनमधून फोन येतो. तो अजूनही मासे गरवायला जातो आणि उरलेली डबी आठवणीने घरी परत आणतो. "मामा, चिंता करू नका," असे तो म्हणतो. आम्हीही बरे म्हणतो. तिकडे आता बर्फ पडून गेले असेल, मेपलची नवी पाने गळून जुन्या पानांवर पडली असतील. आम्ही सोडलेली ती चार गांडुळे मात्र अजून तिकडेच आहेत.